दुसऱ्याचा वाफसा



हस्त लागलंय. पाऊस उघडून चार दिवस झाले, होटगीतलं काळं रान वाफशावर आलंय. सकाळपासून अकरा फोन आले, "मालक, ट्रॅक्टर कधी लावताय?" यंदा सगळ्यांना एकच सांगितलं, आधी माझं रान, मग तुमचं. एवढं बोलायला मला सोळा वर्षं लागली.

2009 ला मी भाड्यानं ट्रॅक्टर चालवायचा धंदा धरला. सात एकर कोरडवाहू, नुसत्या ज्वारीवर भागत नव्हतं. म्हणलं, आपण आपले मालक, कुणाची हाजरी नाही, रोज रोख पैसा. बँकेत भरायला पैसे कमी पडले म्हणून बैलजोडी विकली. अप्पांनी एकच विचारलं, "पेरायच्या दिवशी ते घरी असंल का?" मी हसलो. आपलाच ट्रॅक्टर, घरी नसून जातोय कुठं?

पण रब्बी ज्वारीचं गणित तुम्हाला माहीत आहे. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर, म्हणजे उत्तरा आणि हस्त. त्यातपण पाऊस पडला की रानात जाता येत नाही. वाफसा मिळतोय चार-पाच दिवस, आणि तो सगळ्यांना एकाच वेळी येतोय. गिऱ्हाईकाला नाही म्हणलं तर ते दुसऱ्याकडं जातंय आणि परत नांगरटीलाही बोलवत नाही. म्हणून मी आहेरवाडी, वळसंग, कुंभारी असं रात्री दिवे लावून पेरत फिरायचो. माझं रान शेवटी. कधी 25 ऑक्टोबर, कधी दिवाळीनंतर.

उशिरा पेरलं की काय होतंय? वरची ओल उडालेली असते, उगवण विरळ होते. खोडमाशी पोंगा मारते. कणसात दाणा भरायच्या वेळी रान भेगाळतं. वेळेवर पेरलेल्या मालदांडीला आमच्या रानात एकरी पाच क्विंटल पडायची, उशिराच्या पेऱ्याला दोन. कडबा पण गुडघ्याएवढा.

2014 साली अप्पा गंधक चोळलेलं अठ्ठावीस किलो बियाणं घेऊन तीन दिवस बांधावर बसले होते. मी रोज फोनवर "उद्या येतो" म्हणायचो. चौथ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याची बैलं मागून आणली आणि पाभरीनं पेरायला लागले. वय सत्तरीच्या पुढं. मी रात्री आलो तेव्हा अडीच एकर झालं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत. त्या साली तेवढंच अडीच एकर चांगलं आलं. पुढच्या पेरणीला अप्पा नव्हते.

तरी मी सुधारलो नाही. 2017 चा हिशोब वहीत आहे, तो जसाच्या तसा सांगतो. पेरणी 110 एकर, 800 रुपयांनी 88,000. डिझेल 26,400. ड्रायव्हर 12,000. क्लचप्लेट आणि बाकी दुरुस्ती 14,000. उधारी राहिली 21,000, ती आजवर आली नाही. हातात राहिले 14,600. आणि सहामाही हप्ता होता 48,000 चा.

आता घरचं बघा. सात एकरात एकरी तीन क्विंटल कमी, म्हणजे एकवीस क्विंटल. तेव्हाच्या 2,000 च्या भावानं 42,000 रुपये. कडबा वेगळाच. चौदा हजारासाठी मी बेचाळीस हजार घालवत होतो आणि गावात मला धंदेवाला म्हणत होते. टायर झिजले, इंजिन झिजलं, माझी कंबर गेली, त्याचा रकाना तर वहीत नव्हताच.

धंदा वाईट आहे असं म्हणत नाही. पोरीचं शिक्षण ट्रॅक्टरनंच केलं. नांगरट, मळणी, शेणखत ओढणं यात पैसा आहे, कारण ती कामं चार दिवस मागं-पुढं चालतात. पेरणी चालत नाही. एवढा फरक मला कळला नाही.

आता पोरगा म्हणतोय, कर्ज काढून ड्रोन घेऊ, फवारणीचा धंदा करू. मी नाही म्हणलेलं नाही. वही त्याच्यापुढं ठेवली आणि विचारलं, "आपल्या तुरीवर अळी पडलेल्या दिवशी ते घरी असंल का?" तो हसला नाही. वही घेऊन बसलाय.

काल तिन्हीसांजेला सातही एकर पेरून झालं. अठ्ठावीस किलोच बियाणं लागलं. आज सकाळी सातला ट्रॅक्टर वळसंगला गेला.

तुमच्यात कोण भाड्यानं ट्रॅक्टर चालवत असेल तर एकच विनंती. वाफशाचे पहिले दोन दिवस स्वतःच्या नावावर लिहून ठेवा. आणि वहीत घरच्या रानाचं नुकसानपण लिहा.