आधी मालकाचा पगार

भूम, जि. धाराशिव

प्रिय दोस्ता,

नोकरी सोडून गावाकडं धंदा टाकायचं म्हणतोस, वाचून बरं वाटलं. जागा, कर्ज, माल यांचं विचारलंयस. ते जुळून येतं रे. मुद्रा कर्ज तर 2015 पासून आहे. घोडं पेंड खातं ते दुसरीकडंच. दिवसभर लोकांचे हिशेब लिहितो, म्हणून सांगतो.

खवा भट्टीचंच घे. कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन आहे, नावाला तोटा नाही. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाला किलोभर खवा पडतो. माझ्याकडं येणारा एक भट्टीवाला दूध धरतो, लाकूड धरतो, टेम्पोभाडं धरतो. “आणि तुमची मजुरी?” विचारलं की हसतो. “घरचीच तर माणसं!” तळाला लागू नये म्हणून तो नि त्याची बायको धुरात उभं राहून दूध ढवळतायत, अन् वहीत दोघांपुढं शून्य! मग व्यापारी सांगेल तो भाव परवडल्यासारखा वाटतो. त्यात खवा फार टिकत नाही, म्हणून घासाघीस करायलाही माणूस घाबरतो.

बाकीच्या खोडी याच्याच पोटातल्या बघ. पगार नाही, म्हणून घर गल्ल्यातून चालतं; धंद्यानं किती कमावलं नि घरानं किती खाल्लं, ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. भाव वाढवायला लाज, उधारी मागायला भीड. भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’, अन् पाटीखाली सोयऱ्याधायऱ्यांच्या उधारीची वही! गडी ठेवायचं म्हटलं की ‘परवडत नाही’, कारण आजवर ते काम फुकटात होत होतं.

वर ‘मराठवाड्याच्या माणसाला धंदा जमत नाही’ हे पालुपद. अरे, तगरचं, म्हणजे आपल्या तेरचं कापड गाड्यांनी भरूचच्या बंदराला जायचं, असं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात लिहिलंय!

तेव्हा दुकानाला रंग द्यायच्या आधी तुझा नि वहिनींचा पगार वहीत मांड. तो धरून हिशेब बसत नसेल, तर भाव बदल, नाहीतर माल बदल. पोटाला चिमटा घेऊन ‘धंदा चाललाय’ म्हणू नकोस.

वही मी लिहीन. पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला, रोख. दोस्तीखात्यात उधारी नाही!

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
भूमकर दोस्त