घाटवाटांसाठी ॲप निवडताना

ट्रेकला नव्याने येणारी मुलं विचारतात, कुठलं ॲप घेऊ? मी आधी पाहतो, त्यात समोच्च रेषा दिसतात का. सह्याद्रीत आडवं अंतर मोजून भागत नाही. नकाशावर बेलपाडा आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अगदी शेजारी वाटतात, पण मध्ये उभा कडा आहे. गाडीरस्त्यांसाठीच्या नकाशात तो कडा दिसतच नाही.

म्हणून माझ्या फोनमध्ये ऑस्मअँड असतं, सोबत ऑरगॅनिक मॅप्स. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात आणि नकाशा घरीच उतरवून घेता येतो. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, त्यामुळे वाडी सोडली की फोन फ्लाइट मोडवर टाकायचा. बॅटरी टिकते. ऑस्मअँडमध्ये समोच्च रेषा वेगळ्या उतरवाव्या लागतात, हे मात्र आठवणीने करावं.

या रेषांवरही मर्यादेतच विसंबावं. अशा ॲपमधल्या रेषा बऱ्याचदा 2000 साली अंतराळयानातून झालेल्या उंचीमोजणीवरून काढलेल्या असतात आणि त्या मोजणीची जाळी साधारण 30 मीटरची आहे. बेलपाड्याहून कोकणकड्याकडे चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणचा दोन पुरुष उंचीचा कातळटप्पा तिच्यातून सहज निसटतो.

खरा अभ्यास लोकांनी टाकलेल्या ट्रॅकचा. विकिलॉकवर एकाच घाटवाटेचे अनेक ट्रॅक मिळतात. मी ते सगळे एकावर एक ठेवून बघतो. जिथे रेघा एकवटतात तिथे वाट मळलेली. जिथे फाटतात, तिथे लोक ढोरवाटांना लागलेले असतात. ती जागा मी निघण्याआधीच खूण करून ठेवतो. मग ट्रॅक कुठल्या महिन्यातला, ते पाहतो. मार्चमध्ये कोरड्या ओढ्यातून गेलेली रेघ जुलैत धबधब्यातून जाते. पावसाळ्याअखेर डोक्याएवढी वाढलेली कारवी मेमधली वाट गिळून टाकते.

अरुंद नाळेत शिरल्यावर उपग्रहांचे संकेत कातळावर आपटून येतात आणि स्क्रीनवरचा ठिपका भलतीकडे उड्या मारतो. तिथे फोन खिशात ठेवायचा आणि दगडांवर रंगवलेले बाण शोधायचे. वाडीतला वाटाड्या सोबत असेल तर त्याच्या मागे चालायचं. कुठल्या सोंडेवर यंदा दरड आली, हे तोच सांगतो.

परतल्यावर मी माझा ट्रॅक लगेच टाकत नाही. उगाच घेतलेल्या फेऱ्या कापतो, कुठल्या टाक्यात पाणी होतं ते लिहितो, दोर लागला ती जागा दाखवतो. महिना ठळक लिहितो. पुढे त्या रेघेवर कुणीतरी अनोळखी माणूस पाय ठेवणार असतो.