मित्राची गाडी

मंडळी, सत्तरी उलटल्यावर गाडी घ्यायची अवदसा कुणाला आठवते? मला आठवली. हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि एसटीची पायरी तिला चढवेना. मलकापूरला जाऊन रेल्वे गाठायची तर दर वेळी भाड्याची गाडी. भाचा शेजारच्याच गल्लीत राहतो, त्याला चालवता येते. मग ठरवलं, जुनी का होईना, एक घेऊन टाकू.

शोधावीही लागली नाही. आमच्याच शाळेत गणित शिकवणारे माझे मित्र, त्यांच्या अंगणात एक उभीच होती. मुलगा पुण्याला गेला आणि सरांना स्वतःला चालवता येत नाही. २०१३ची, पेट्रोलवरची, एमएच २८. त्यांनी दीड लाख सांगितले, मी "ठीक" म्हणालो. झाला व्यवहार!

भाचा मात्र अडून बसला. कागद त्यानं मोबाईलवर पाहून घेतले होते. कर्जाचा बोजा उतरलेला, १५ वर्षांची नोंदणी २०२८ पर्यंत. (पुढे तपासणी करून ५ वर्षं वाढवून मिळते, पण त्याची फी २०२२ पासून ६०० ची ५००० झाली आहे, हे मला नवीनच कळलं.) "पण मामा, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय नाही."

मला ते पटेना. तीस वर्षं ज्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली, त्याच्या दारात मिस्त्री न्यायचा? दोन रात्री धड झोप नाही. मग बोर्डाचे पेपर आठवले. दहावीचे पेपर मी तपासायचो, ते मॉडरेटर पुन्हा पाहायचे. कधी माझी बेरीज चुकलेली निघायची. राग नाही यायचा. पोराचे चार मार्क वाचले म्हणून बरंच वाटायचं. सरांना फोन करून हेच सांगितलं. ते हसले. "आणा की तुमचा मॉडरेटर!"

मिस्त्रीनं आदल्या दिवशीच निरोप दिला होता, "सर, सकाळी गाडी चालू करून ठेवू नका म्हना. थंडी पायजे." गरम इंजिन आपले आजार लपवतं म्हणे. आल्याबरोबर त्यानं बॉनेटवर हात ठेवला, मग ऑइलचं झाकण काढून आतून पाहिलं. तिथं सायीसारखा पांढरा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय असं समजायचं. तसं काही नव्हतं. पहिल्याच चावीत गाडी सुरू झाली. मागे निळा धूर नाही, म्हणजे इंजिन ऑइल जाळत नाही. मग आम्ही चौघं राजूर घाट उतरून परत चढून आलो. उतरताना ब्रेक, चढताना क्लच आणि पाण्याचा काटा. सगळं पास. माझा जीव भांड्यात पडला.

परत आल्यावर मिस्त्री पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ उठेना. टायर आतल्या कडेनं जास्त झिजला होता. त्यानं बॅटरी मागितली. बॉनेटखाली चाकाच्या वरचा जो पत्रा असतो, त्याला तो एप्रन म्हणतो, तिथली वेल्डिंगची रेघ दाखवली. मग काचांचे कोपरे. बारीक अक्षरांत वर्षाची खूण असते तिथं. बाकी सगळ्या काचा २०१३च्या, पुढची २०१९ची.

"सर, गाडी पुढून ठोकेल हाय."

मी सरांकडे पाहिलंच नाही. तेच हळूहळू बोलले. २०१९ मध्ये मुलगा खामगावहून येताना बोथ्याच्या घाटात रोही आडवा आला होता. घरी त्यानं सांगितलं, दिवा फुटला. पाच हजार मागितले, यांनी दिले.

"हा पाच हजाराचा मार नाई सर," मिस्त्री म्हणाला.

सर त्या वेल्डिंगच्या रेघेवर बोट फिरवत राहिले. "बाकीचे पैसे त्यानं कुठून आणले? आणि गाडीत एकटाच होता का, तेही मी विचारलं नाही."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या.

मला काही सुचेना. मिस्त्री म्हणत होता, गावातल्या गावात चालेल, लांबच्या रस्त्याला नको. मी आपलं म्हणालो, वीसेक हजार कमी करा, नेतो. खरं तर मला तिथून निघायचं होतं.

"नाही," सर म्हणाले. "वहिनींना यात बसवायचं नाही." बेरीज तपासून झाल्यावर खडू खाली ठेवावा, तसे म्हणाले.

त्या रात्री त्यांनी पुण्याला फोन केला एवढं मला ठाऊक आहे. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. गाडी पुढे त्यांनी सगळं सांगून गावातल्याच एकाला बरीच उतरवून विकली.

गेल्या रविवारी चिखलीला एक गाडी पाहायला गेलो. मिस्त्रीला वेळ नव्हता, तो नंतर पाहणार आहे. सर मात्र सकाळी सातलाच दारात हजर, हातात स्वतःची बॅटरी. तिथं गेल्यावर मालकाला नमस्कार केला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका काचेचा आकडा वर्गात हजेरी घेतल्यासारखा मोठ्यानं वाचायला लागले. मी वहीत लिहून घेत होतो.