क्ले टॉवर

"मामा, कंपनीत तू नक्की काय करायचास?" भाचीला माझं उत्तर ठरलेलं: माती बदलायचो!

बेंझीन-झायलीनमध्ये ओलेफिनचा थोडा अंश राहतो. म्हणून तो गरम द्रव आम्लाने धुतलेल्या बेंटोनाइटच्या थरातून सोडायचा. मुलतानी मातीच्या भावकीतलीच ही. ती ओलेफिन नुसती गिळत नाही बरं का, अ‍ॅरोमॅटिक रेणूंना चिकटवते. हे जड लटांबर मग डिस्टिलेशन कॉलममध्ये तळाशी जातं.

काही महिन्यांत माती थकते. मग वाफ सोडून बेंझीन हुसकायचं, आतली हवा तपासायची आणि मगच टॉवर उघडायचा. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, त्यामुळे इथे घाई मला कधी खपली नाही. उत्पादनवाले ओरडले तरी!

आता झिओलाइट आलेत. जास्त टिकतात, काही तर कोक जाळून पुन्हा वापरता येतात. म्हणजे टॉवर कमी वेळा उघडायचा. मला त्यांचं कौतुक आहे ते यासाठीच.