मावशीची शीग

महिनाअखेरीला नोंदवहीत तांदळाची शिल्लक ११२ किलो होती आणि पोत्यांत भरली ८९. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेवढीच. जिंतूर तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत पोषण आहाराची वही माझ्याकडे, म्हणजे चोरही मीच ठरणार. माझा संशय मात्र लगेच खिचडी शिजवणाऱ्या मावशीवर गेला. आज ते लिहितानाही ओशाळल्यासारखं होतं.

हिशोब सरळ होता. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, पटावर ६४ लेकरं, म्हणजे ६ किलो ४०० ग्रॅम. मावशी सासूच्या काळातल्या पितळी मापट्यानं तांदूळ काढायची. आठ लेकरांना एक मापटं, म्हणून एका मापट्याचे ८०० ग्रॅम, असं माझ्या आधीच्या गुरुजींनी धरलेलं. मी तेच पुढं ओढलं. वजन करून कुणीच बघितलं नव्हतं. योजना १९९५ साली सुरू झाली तेव्हा लेकरांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरीच मिळायचा. काटा महिन्यातून एकदा लागला की काम भागायचं.

दुसऱ्या दिवशी गावातल्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. मी मापटं भरलं, वरून हात फिरवला, ठेवलं. ८२० ग्रॅम. म्हणजे आधीच्या गुरुजींचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. मग मावशीला म्हटलं, "तुम्ही भरता तसं भरा." तिनं मापटं पोत्यात खुपसलं, उचललं, वर आणखी ओंजळ सोडली. काठावर तांदळाचा टोकदार ढीग उभा राहिला. एक दाणा खाली पडला, तोही उचलून तिनं वर ठेवला. ९२० ग्रॅम.

शीग! आठ मापट्यांमागं जवळपास किलोभर जास्त, चोवीस दिवसांत २३ किलो. चोर सापडला होता, आणि तो रोज लेकरांच्या ताटात जात होता.

"सपाट भरायचं असतं, मावशी."

"लेकरायच्या तोंडातलं हाय ते, सर. त्याच्यावरून हात कसा फिरवावा?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, नोंदवही होती. आमचा जिल्हा ज्वारीचा. 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचे. खळ्यावर बलुत्याला ज्वारी शिगेनंच मोजून दिली जायची. ती सवय मापट्याबरोबर शाळेत आली. तांदूळ मात्र किलोनं येतो, ग्रॅमनं तपासला जातो.

मग मी शहाणपणा केला. काटा शाळेसाठी घेतलाच, तांदूळ ६ किलो ४०० मोजून दिला आणि सांगितलं, पाणी दुप्पट, १२ लिटर ८००. त्या दिवशी मसालेभात होता. तो दाताखाली कचकचत राहिला. पहिलीच्या एकानं तर ताट तसंच परत आणून ठेवलं.

मावशीनं मला बोलू दिलं आणि मग तांदूळ मापट्यानं मोजून दाखवला. पावणेआठ मापटी आणि वर मूठभर. तिचं 'दुप्पट' म्हणजे साडेपंधरा मापटी पाणी, आणि मापटं जवळपास लिटरभराचं. किलोभर तांदूळ सव्वा लिटर जागा व्यापतो; दुप्पट पाणी हे मापाचं गणित, वजनाचं नाही. मी जवळजवळ पावणेतीन लिटर पाणी खाल्लं होतं. शिवाय नवं पोतं आलं की तांदूळ जुना की नवा हे ती दाणा चावून बघते आणि त्यावर एखादं मापटं पाणी कमीजास्त करते. ते कुठल्याच वहीत बसत नाही.

आता तांदूळ काट्यावर आणि पाणी मापट्यानं. वही जुळते. शीग बंद केली म्हणून मावशी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही.