नवे यकृत कामाला लागले का?

यकृत प्रत्यारोपणात एक टप्पा असा येतो की रुग्णाच्या शरीरात काम करणारे यकृतच नसते. जुने काढलेले असते आणि नव्याच्या रक्तवाहिन्या अजून जोडल्या जात असतात. जोडणी संपते, चिमटे सोडले जातात, थंड, फिकट अवयवात रक्त शिरते आणि त्याचा रंग पालटतो. पण रंग आला म्हणजे काम सुरू झाले असे नव्हे.

नेहमीच्या चाचण्या या घटकेला अपुऱ्या पडतात. वाढलेली एन्झाइम्स पेशींना झालेली इजा दाखवतात, उरलेली कार्यक्षमता नव्हे. रक्त गोठण्याची चाचणी यकृताने बनवलेल्या प्रथिनांविषयी बोलते खरी. परंतु रुग्णाला बाहेरून प्लाझ्मा दिला असेल, तर ती प्रथिने नेमकी कोणाची?

भूलतज्ज्ञाच्या हाती मात्र एक साक्षीदार आधीपासूनच असतो. स्नायू सैल राखण्यासाठी दिले जाणारे रोक्युरोनियम मुख्यतः यकृतच रक्तातून उचलते आणि पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत नसताना हा निचरा मंदावतो, आणि तेवढीच शिथिलता टिकवायला औषध कमी पुरते. नव्या यकृतात रक्त खेळू लागल्यावर औषधाची गरज पुन्हा वाढली, तर ते शुभलक्षण. रक्तातील पातळी प्रयोगशाळेत अचूक मोजता येते, पण शस्त्रक्रिया तिच्यासाठी थांबत नाही. म्हणून मनगटाजवळच्या नसेला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सूक्ष्म विद्युतझटके देऊन अंगठा किती वेळा हलतो, हे पाहिले जाते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियम यांचा परिणाम किती काळ टिकतो, याची सांगड नव्या यकृताच्या कार्याशी घातली होती.

भारतात या प्रश्नाला वेगळी धार आहे. १९९८ मध्ये दिल्लीत एका चिमुकल्याला वडिलांच्या यकृताचा भाग बसवण्यात आला, आणि आजही आपल्याकडची बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडूनच येतात. अख्खे यकृत नव्हे, त्याचा एक भाग. तो कामाला लागला नाही, तर दुसरे यकृत तातडीने आणायचे कोठून? घरातील एक माणूस तर आधीच शेजारच्या शस्त्रक्रियागृहात असतो. अशा वेळी काही तास आधी मिळालेली सूचनाही मोलाची ठरते.

तरीही या साक्षीदाराची उलटतपासणी करावीच लागते. शरीर थंड पडले, तर शिथिलता आपोआप लांबते. रक्तस्राव आणि शिरेवाटे दिलेले द्रव औषधाची पातळी बदलतात. मॅग्नेशियम दिले असेल, तर अंगठा आणखी मंदावतो. त्यामुळे एकट्या अंगठ्यावरून यकृताचे भवितव्य ठरवणे धाडसाचे होईल. इतर खुणांच्या जोडीला मात्र त्याची साक्ष घ्यावी.

गंमत अशी की अनेक भूलतज्ज्ञ सिसॲट्राक्युरियम पसंत करतात, कारण ते शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या आम्लतेच्या पातळीला बहुतांशी स्वतःच विघटित होते. त्याला यकृताची वाट पाहावी लागत नाही. रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच गुण. पण त्याच गुणामुळे ते औषध यकृताविषयी मुके राहते. तेथे मग रक्तातील लॅक्टेट उतरण्याची आणि पित्त दिसू लागण्याची वाट पाहणे उरते.