निवळ पाणी

घरात माशांची काचपेटी आली की मुलांच्या आनंदाला पारावार राहत नाही. तळाशी धुतलेली वाळू, वर स्फटिकासारखे निवळ पाणी आणि त्यात डौलाने विहरणारे सोनेरी मासे! खाद्याची चिमूट टाकताच ते वर धावून येतात. त्यांची भूक भागली नसावी असे वाटून मुले आणखी एक चिमूट टाकतात.

काही दिवसांनी मात्र चित्र पालटते. मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. खाद्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांचे कल्ले लाल होतात, सुजतात. अखेर एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. मुलांच्या डोळ्यांत पाणी येते. पेटीतले पाणी तर अजूनही निवळच असते! मग मासा मेला कशाने?

अन्नातील प्रथिनांपासून शरीरात अमोनिया तयार होतो. मनुष्याचे यकृत त्याचा युरिया बनविते. मासा मात्र तो बहुतांशी कल्ल्यांवाटे तसाच पाण्यात सोडतो. उरलेले खाद्य कुजून त्यात भर घालते. नदीच्या विपुल पाण्यात तो विरून जातो. पेटीतल्या पाण्याला वाट कोठली? अमोनिया साठत गेला म्हणजे माशाच्या अंगातील अमोनियाही बाहेर पडेनासा होतो, कल्ल्यांना इजा पोहोचते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितके हे विष अधिक जहाल.

निसर्गाने यावर पहारेकरी नेमले आहेत. वाळूच्या कणांवर राहणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. विनोग्राड्‌स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखविले. परंतु नव्या पेटीत त्यांची वस्ती होण्यास अनेक आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच असावेत, खाद्य बेताचे घालावे व थोडे थोडे पाणी वरचेवर बदलावे.

मुलांनी माशांवर माया केली, यात त्यांची चूक नव्हती. पण मुक्या जिवाला आपले दुःख सांगता येत नाही. ते ओळखण्यासाठी मायेला ज्ञानाची जोड द्यावी लागते.